बाहेरचे ज्ञान पचवायला घरची प्रयोगशाळा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी तंत्रज्ञान घेणाऱ्या भारतीय कंपन्यांवर उसनवारीचा शिक्का मारण्याची आपल्याकडे रीत आहे. सरकारी पातळीवर याच्या उलट, सामंजस्य करार किती झाले आणि गुंतवणूक किती आली, याचीच मोजदाद होते. आलेले ज्ञान येथे कोणाच्या हाती पडले आणि त्याने त्याचे पुढे काय केले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या मेनाफ्रिव्हॅक या लसीचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात १९९६-९७ साली मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या) साथीने सुमारे २५ हजार माणसे दगावली. पुढे २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या मदतीने लसीचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा आफ्रिकी देशांची अट स्पष्ट होती : एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. मोठ्या पाश्चात्त्य उत्पादकांशी बोलणी फिसकटली आणि काम सीरमकडे आले.

या लसीत जिवाणूच्या कवचातील शर्करेची साखळी धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषाला, रासायनिक रीतीने जोडावी लागते, कारण नुसती शर्करा टोचून लहान मुलांत टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही. ही जोडणीची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांची होती, तर शर्करा तयार करण्याचे तंत्र ॲम्स्टरडॅमच्या एका कंपनीकडून आले. टॉक्सॉइड मात्र सीरम कित्येक वर्षे स्वतःच मोठ्या प्रमाणावर बनवत होती. माझ्या मते सारी मेख येथेच आहे. कंपनीचे शास्त्रज्ञ अमेरिकी प्रयोगशाळेत जाऊन ती पद्धत शिकू शकले आणि परत येऊन तिचे कारखान्यातील उत्पादनात रूपांतर करू शकले, ते हाताशी हा अनुभव होता म्हणून. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्यासही २०१२ मध्ये मान्यता मिळाली, आणि जेथे वीजच बेभरवशाची आहे तेथे याचे मोल किती, हे सांगायला नको.

बजाज ऑटोने कावासाकीच्या सहकार्यानंतर २००१ मध्ये स्वतः विकसित केलेल्या इंजिनाची पल्सर आणली, तीही याच वाटेने. परंतु या दोन्ही मोठ्या कंपन्या आहेत. चाकण-भोसरीतील बहुसंख्य लघुउद्योग ग्राहकाच्या ड्रॉइंगबरहुकूम सुटे भाग बनवून देतात. अमुक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अमुकच का, हे विचारणारा आणि त्याचे उत्तर शोधू शकणारा अभियंता ठेवणे त्यांच्या आवाक्यात नसते. संशोधनावरील देशाचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा निम्म्याहूनही बराच कमी आहे. अशा स्थितीत कंपनीच्या स्वतःच्या संशोधन विभागावरील खर्चाला मिळणारी वाढीव प्राप्तिकर वजावट आधी २०० वरून १५० टक्के आणि २०२०-२१ पासून १०० टक्के, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाइतकीच, करण्यात आली. तिचा काही ठिकाणी गैरवापर झालाही असेल, पण त्यासाठी तपासणी कडक करता आली असती.

ही वाढीव सवलत निदान लघू व मध्यम उद्योगांसाठी पुन्हा सुरू करावी, आणि अभियंत्यांना राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत किंवा परदेशी भागीदाराकडे काही महिने शिकायला पाठवण्याचा खर्चही तिच्यात धरावा, अशी माझी सूचना आहे. राज्य सरकारनेही प्रोत्साहन अनुदान देताना जमीन आणि यंत्रसामग्रीबरोबर या खर्चाचा विचार करावा.

आपला,
एक वाचक, पुणे