घर विकायचं नाही, रिकामंही ठेवायचं नाही

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही "बघू" म्हणता आणि आईचा आवाज बदलतो, मग मीच विषय बदलते. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा, आणि पूर्ण वाचून झाल्यावरच दादाला फोन करा.

कोथरूडला आमच्या मागच्याच सोसायटीत तुमच्यासाठी भाड्याने घर ठरवलं आहे. टोकन दिलं आहे. आधी विचारलं असतं तर गणपती होऊ देत, दिवाळी होऊ दे, पाडवा होऊ दे असं करत वर्ष गेलं असतं, आणि आईचे गुडघे तोवर थांबणार नाहीत. डॉक्टरांनी जिने बंद सांगितल्यापासून ती डोंबिवलीच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरते ती फक्त दवाखान्यासाठी. बाबा, तुम्ही दूध, भाजी, गोळ्या सगळं वर चढवता आणि दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहता. दादाने पाहिलं, त्यानेच मला सांगितलं. त्या जिन्यावरून मी झोपलेली असले की तुम्ही मला खांद्यावर टाकून न्यायचात, शेवटच्या गाडीने दादरहून आलो की. जाग आली तरी मी डोळे मिटून पडून राहायचे, उतरवू नयेत म्हणून. आता त्याच जिन्याची मला रात्री झोपताना धास्ती वाटते.

तुम्ही नको म्हणालात तर टोकनचे पैसे जातील, बाकी काही नाही. पण नको म्हणू नका.

आधी घराविषयी सांगते. पहिला मजला आहे, लिफ्ट आहे, आणि वीज गेली तरी लिफ्ट चालते. हे मी स्वतः विचारून, बघून घेतलं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, आईच्या तुळशीला ऊन मिळेल. न्हाणीघरात दोन दांडे बसवायला मालकाने हो म्हटलं आहे, आणि ते करारात लिहून घेते आहे, म्हणजे निघताना भिंतीला भोकं पाडली म्हणून डिपॉझिट कापायला नको. खाली बाकं आहेत, सकाळी पेपर वाचायला मंडळी जमतात. यशवंतराव नाट्यगृह रिक्षाच्या अंतरावर आहे. आणि मी चालत पाच मिनिटांवर. तुमच्या घराची किल्ली तुमच्याकडे, मी बेल वाजवूनच येईन.

आमच्याच घरी का नाही, हे आईच्या मनात आलं असणार. आई, तू आमच्याकडे आलीस की दुसऱ्या दिवसापासून पाहुणी होतेस, सुनेच्या घरी असल्यासारखी विचारून पाणी घेतेस. तुला तुझं स्वयंपाकघर हवं. बाबांना त्यांचा रेडिओ त्यांच्या आवाजात हवा. म्हणून वेगळं घर.

आता डोंबिवलीच्या घराचं. दादा म्हणतो विकून टाका. त्याचं म्हणणं प्रेमाचंच आहे, तुमच्यामागे कटकट नको म्हणून. पण मला ते पटत नाही, आणि मी त्याला तसं सांगितलं आहे. बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचं बोलणं सुरू आहे. आज विकलं तर जुन्या घराचा भाव येईल, आणि उद्या लिफ्टचं नवं घर दुसऱ्याला मिळेल. शिवाय घर विकलं की पैसा मोकळा होतो, आणि मोकळ्या पैशाला घरातल्या सगळ्यांच्या गरजा दिसू लागतात. त्यात माझ्याही असतील. तुमच्या हाताखाली भिंती असलेल्या बऱ्या.

पुढे कधी विकायचंच झालं तर घाईने नाही. घर २००१ च्या आधीचं आहे, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. नफ्यावर १२.५ टक्के कर भरायचा की महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यातला कमी बसेल तो हिशोब जुन्या घरांना घेता येतो. त्यासाठी सीए बघू. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे सरकारकडे आधीच भरायचा कर, कापूनच पैसे देतो, त्याला फसवणूक समजू नका. आणि सोसायटीने ट्रान्सफरसाठी २५,००० पेक्षा जास्त प्रीमियम मागितला तर देऊ नका, ती कमाल मर्यादा आहे. "स्वखुशीने देणगी" म्हणून मागितला तरी नाही.

तर घर भाड्याने द्यायचं. बाबा, मला माहीत आहे इथे तुमचा चेहरा कसा झाला असेल. आत्याच्या गिरगावच्या खोलीचं जे झालं ते तुम्ही विसरला नाहीत, आम्हीही ऐकून मोठे झालो. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, हे तुमच्यासाठी डोळ्यांनी पाहिलेलं सत्य आहे. ते सत्य होतंच. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या दरावर गोठवली होती, आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक नुसत्या लायसन्सवर, म्हणजे मालकाने दिलेल्या राहण्याच्या परवानगीवर, राहत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरू करून टाकलं. मालक बघत राहिले. पण तो कायदा गेला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीच्या करारावर, दिलेल्या राहत्या घराची मुदत संपली की माणसाने घर सोडायचं. नाही सोडलं तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फेऱ्या घालाव्या लागत नाहीत, आणि जितके दिवस तो जास्त राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागतं. आत्याच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

मात्र हे संरक्षण लेखी आणि नोंदणी केलेल्या कराराने मिळतं. खालचे काका म्हणतील "अकरा महिन्यांचा करार करा, नोंदणीची गरज नाही". त्यांचं ऐकू नका. आपल्या राज्यात कितीही महिन्यांचा असो, करार नोंदवायलाच लागतो, आणि ती जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदवला नाही तर उद्या वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्चाला घाबरू नका. समजा भाडं १५,०००, मुदत २४ महिने, डिपॉझिट ५०,०००. भाड्याचे ३,६०,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज १०,०००, एकूण ३,७०,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे ९२५ रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणी करणाराच मशीन घेऊन घरी येतो, अंगठा आणि फोटो घेतो. तुम्हाला कुठल्याही ऑफिसच्या रांगेत उभं राहायचं नाही.

करारात मी दोन गोष्टी खास घालणार आहे. रिडेव्हलपमेंट सुरू झाली तर एका महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामं करायचं. आणि महावितरणचं बिल, पाइप गॅस, मेंटेनन्स कोणी भरायचं ते स्पष्ट. घर देताना मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो दोघांच्या फोनमध्ये. आईची शिवणाची मशीन आणि लाकडी कपाट भाड्याच्या घरात ठेवायचं नाही, दोन्ही इकडे येतं आहे.

सोसायटीला आधी लेखी कळवायचं, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. ती माहितीही ऑनलाइन भरता येते, मी भरेन. सेक्रेटरी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचा आकार, लावतील, ते रास्तच आहे, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरत नाहीत. २००१ चा शासनाचा आदेश आहे. भांडू नका, फक्त आदेशाची प्रत पुढे ठेवा. मी पाठवते.

बाबा, पुण्याला तुम्ही भाडेकरू असाल, आणि तुमचा फोटो आणि आधारही तिथल्या पोलिस ठाण्यात जाईल. मनाला लावून घेऊ नका. आमच्या इथे राहायला आलेल्या प्रत्येकाचा जातो, निवृत्त न्यायाधीशांचाही गेला असता. करार तुमच्या नावाने करते आहे, माझ्या नाही, म्हणजे घरात तुमचा शब्द चालेल. डोंबिवलीचं भाडं तुमच्या खात्यात येईल आणि त्यातूनच इथलं भाडं जाईल. वरचा फरक दादा आणि मी मिळून भरणार. त्यावर वाद घालायचा नाही. तुम्ही माझी कॉलेजची फी कुठून भरलीत ते मी कधी विचारलं नाही. डोंबिवलीचं भाडं उत्पन्नात दाखवायचं, पण महापालिकेचा भरलेला कर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते, त्यामुळे तुमच्या पेन्शनवर फार बोजा पडणार नाही.

आता काही गोष्टी हुकूम समजा.

घराचे मूळ कागद कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत. खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट लॉकरमध्ये. एजंटला फक्त झेरॉक्स, आणि तीसुद्धा "फक्त भाडेकरारासाठी" असं लिहून, तारीख घालून. एजंटची दलाली आधी ठरवायची, बहुतेक ठिकाणी एका महिन्याचं भाडं असतं.

घराची जाहिरात दिली की फोन येतील. कोणी म्हणेल मी लष्करात अधिकारी आहे, बदली झाली आहे, घर न बघताच पसंत आहे, डिपॉझिट लगेच पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा. फोन ठेवून द्यायचा. पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. आई, तू भिडेला पडतेस, समोरचा गोड बोलला की "बिचारा" म्हणतेस. म्हणून जाहिरातीत माझाच नंबर देते आहे.

रोख भाडं घ्यायचं नाही. ओळखीचा असला तरी नाही. ओळखीचा असला तर मुळीच नाही.

आणि बाबा, सगळ्यात अवघड ते आता लिहिते. दिवाळीत तुम्ही म्हणालात, घर आत्ताच तुम्हा दोघांच्या नावावर करून टाकतो, म्हणजे मी मोकळा. त्या दिवशी मी उठून आत गेले, उत्तर दिलं नाही. उत्तर आत्ता देते. करू नका. राहत्या घराचं मुलांना बक्षीसपत्र करायला मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो, वर थोडे स्थानिक कर, म्हणून ते सोपं वाटतं. पण नोंदणी झाली की घर तुमचं राहत नाही, आणि मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. पण आपल्या माणसांवर अर्ज करायची वेळ यावीच कशाला? माझ्यावर आणि दादावर तुमचा विश्वास आहे हे मला कळतं. त्या विश्वासासाठी नावावर घर नको. दोघं असेपर्यंत घर तुमच्या दोघांच्याच नावावर राहू दे.

त्याऐवजी मृत्युपत्र करा. लिहिताना मला त्रास होतो आहे, तुम्हाला वाचताना होईल, पण करून टाकलं की विषय संपतो. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना घर मिळणार आहे ते साक्षीदार नकोत, म्हणजे मी आणि दादा नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करू. हवं तितक्या वेळा बदलता येतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव आहे तेवढ्याने भागत नाही, नॉमिनी हा मालक नसतो. कोणाला काय द्यायचं ते मला सांगू नका, मला खरंच ऐकायचं नाही. एवढंच की तुमच्यामागे आईचा तिथे राहायचा हक्क आणि आईमागे तुमचा, हे पहिल्या ओळीत असू द्या.

पाडव्याच्या शोभायात्रेला तुम्हाला दरवर्षी फडके रोडला नेईन, ते माझ्याकडे लागलं. आई, लोणच्याच्या बरण्या सगळ्या आणायच्या नाहीत, दोनच. बाबा, बीपीची गोळी सामान बांधायच्या गडबडीत चुकवू नका, आणि पेट्या तुम्ही उचलायच्या नाहीत, माणसं येणार आहेत. जुनी भांडी काढायचा निर्णय एकट्याने घेऊ नका, आईला विचारा.

शनिवारी मी येते, कागदांची फाइल टेबलावर काढून ठेवा. आणि आई, देवघराची लांबी-रुंदी मोजून आधी कळव. नव्या घरात स्वयंपाकघराशेजारी कोनाडा आहे, तिथे बसतं का ते सुताराला विचारायचं आहे.

तुमचीच,
धाकटी