पसंतीक्रम पहिला

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

शिमग्यानंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल मनातल्या मनात ज्या शिव्या तू दिल्या असशील त्या सगळ्या मान्य आहेत. इकडे सर्व ठीक आहे. आईचा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे आणि माझा गुडघा पावसात कुरकुरतो तेवढा कुरकुरतो आहे. लगेच मुद्द्यावर येतो, कारण हा मुद्दा तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणापुढे मांडण्याची सोय नाही.

आमच्या वैदेहीला अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत ९२ पर्सेंटाइल मिळाले, हे वहिनींकडून कळलेच असेल. अप्पांनी त्याचे परस्पर ९२ टक्के करून वाडीभर पेढे वाटले. मी त्यांना दोनदा समजावले की १५० प्रश्नांच्या आणि २०० गुणांच्या त्या परीक्षेत तिला प्रत्यक्ष किती गुण पडले याचा या आकड्यावरून पत्ता लागत नाही. तिच्या सत्रातल्या दर शंभर मुलांपैकी ९२ जण तिच्या बरोबरीने किंवा तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर अप्पा म्हणाले, "म्हणजे ९२ जणांना हरवलेनच ना? मग पेढे बरोबर आहेत." मी मात्र उरलेल्या आठांचा हिशेब करीत बसलो. यंदा पीसीएम म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित या गटाला चार लाखांवर मुले बसली होती. त्यांचे आठ टक्के म्हणजे तीस हजारांहून अधिक मुले तिच्या पुढे उभी. त्यातून या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि गणिताचा एकेक प्रश्न दोन गुणांचा असतो, तरी ही मुलगी गणिताचे सात प्रश्न कोरे सोडून आली. का, तर उत्तर येत नसताना उगाच कुठेतरी खूण करणे तिला बरे वाटले नाही. त्या दिवशी मी तिला मूर्ख म्हणालो होतो. तो शब्द आता माझ्याच घशात अडकला आहे, तो कसा ते सांगतो.

वैदेहीला सिव्हिल हवे होते आणि तेही लोणेऱ्याला, आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात. २०२१ च्या जुलैत ती चिपळूणला आत्याकडे असताना पूर आला, हे तुला आठवत असेल. दोन रात्री माळ्यावर काढून ती परतली आणि तेव्हापासून घरात नदी, गाळ, पूल यांखेरीज विषय नाही. माझा विरोध होता. इतकी वर्षे या बांधकामाच्या धंद्यात काढल्यावर मला साइट म्हणजे काय ते ठाऊक आहे. बिले सहा-सहा महिने अडकतात, मुकादम बाईमाणसाचे ऐकून घेत नाही, आणि मैलभर आडोसा नसलेल्या ठिकाणी एका ज्युनिअर इंजिनिअर मुलीला दिवसभर पाणी न पिता उभी राहिलेली मी स्वतः पाहिली आहे. माझ्या मते तिने कॉम्प्युटर घ्यावे. नवी मुंबईतल्या एका खाजगी महाविद्यालयातले कॉम्प्युटर तिने माझ्या समाधानासाठी प्रवेशाच्या पसंतीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर घातले होते. पैशाचा प्रश्न नव्हता. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे, त्यामुळे तेवढीही सबब मला उरली नाही.

पसंतीक्रम भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री तिने यादी लावून सेव्ह केली आणि वीज गेली, पाठोपाठ नेटही गेले. सकाळी मी सिमेंटच्या कामाने रत्नागिरीला निघालो होतो. तिने चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला आणि म्हणाली, "बाबा, फक्त कन्फर्म करायचे आहे, बाकी काही नाही." मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत त्या मुलाने यादी पडद्यावर आणली, आणि सुधाकर, मी त्याला सांगितले, "चौथा पहिल्यावर घे." त्याने घेतला. अर्ध्या मिनिटाचेही काम नव्हते. प्रिंट का आणली नाही असे तिने विचारले, तेव्हा प्रिंटरची शाई संपली होती असे सांगितले.

मी मनाची समजूत अशी घातली होती की पहिल्या फेरीत ते लागणार नाही, पुढे तीन फेऱ्या आहेत, तोवर तिचे मन वळवता येईल. ते पहिल्याच फेरीत लागले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप कायम होतो. तो नाकारला तर केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) पुढच्या फेऱ्यांत उभे राहता येत नाही. हा नियम मला ठाऊक नव्हता असे लिहिले असते, पण तुला खोटे लिहिण्यात अर्थ नाही.

अलॉटमेंटच्या पत्रावर 'पसंतीक्रम १' असे छापलेले पाहून ती बराच वेळ पडवीत गप्प बसली. मला वाटले, आता विचारील. ती म्हणाली, "लाइट जाईल या घाईत माझ्याकडूनच वरखाली झाले असणार." आणि मी, तिचा बाप, "होते असे कधीकधी" म्हणालो.

आता तुला १९८८ आठवले असेल. पॉलिटेक्निकचा अर्ज. तुझे अक्षर मोत्याचे म्हणून माझाही अर्ज तुझ्याकडे दिला, आणि तू स्वतःच्या अर्जावर मेकॅनिकल आधी लिहून माझ्या अर्जावर सिव्हिल आधी लिहिलेस, का तर माझे गुण मेकॅनिकलला पुरणार नाहीत. ते पुरले असते. या मुद्द्यावर मी आजही मागे हटणार नाही. पुढे कोकण रेल्वे आली, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यावर मी उभा राहिलो, त्या पगारावर हे घर बांधले, आणि सुधाकरने माझे नशीब काढले असे चारचौघांत सांगू लागलो. कॅफेत त्या खुर्चीवर माझ्या मनात हेच होते, की माझ्याही वेळी दुसऱ्यानेच ठरवले होते आणि काही बिघडले नाही. फक्त एक गोष्ट मी सोयीने विसरलो. तू त्याच संध्याकाळी पावसच्या एसटीत मला सगळे सांगितलेस आणि सगळ्या बसदेखत माझी थप्पड खाल्लीस. दिवाळीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नव्हतो, तरी कोणावर रागवायचे ते मला माहीत होते. वैदेही स्वतःवरच रागावली आहे.

वैदेहीच्या आईला सांगितले, तर ती म्हणाली, "आता सांगून मुलीला बाप आणि कॉलेज दोन्ही नकोसे कराल, गप्प बसा." तिचेही खोटे नाही. पण काल रात्री वैदेही तिच्या जुन्या वह्या चाळत होती आणि यादी लिहिलेला कच्चा कागद शोधत होती. तो माझ्या पाकिटात आहे.

निखिलच्या लग्नाचे काय ठरले ते कळव. वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले ना? आंब्याची पेटी फुटकी पोचली, ते वाहतूकवाल्याचे काम, माझे नव्हे.

प्रवेश पक्का करण्याची मुदत परवा संपते आणि हे पत्र तुला त्यानंतर मिळेल. फोन हाताशी असताना मी पत्र का लिहीत बसलो, हे तू दुसऱ्या पानावरच ओळखले असशील. मिळाल्यावर घरच्या नंबरवर फोन मात्र करू नकोस. तो वैदेहीच उचलते.

तुझा,
विनायक