जखम धुताना एवढा जोर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी रिटायर्ड सिस्टर. ऑपरेशनच्या टाक्यांत पू झालेले पेशंट आजकाल लवकर घरी सोडतात आणि पुढचं ड्रेसिंग घरचंच कुणीतरी करतं, त्याबद्दल लिहितेय.

परवा सोलापूरच्या पूर्व भागात ओळखीच्या काकूंकडं गेले होते. पोटाची जखम, तोंड बारीक पण आत बोटभर खोल. मुलानं सलाईनच्या बाटलीला सुईनं भोक पाडलेलं अन् दोन्ही हातांनी दाबून आत पिचकारी मारत होता, बिचारा मनापासून करत होता हो, पण आत गेलेलं पाणी बाहेर थेंबथेंबच येत होतं. मग बाकीचं गेलं कुठं? बाजूची कातडी फुगलेली, हात लावला की काकू कळवळायच्या. जोर जास्त झाला की पू आणि जंतू उलटे आत मांसात ढकलले जातात.

धुताना 4 ते 15 पीएसआय (दाब मोजायचं माप) दाब चालतो असं आम्हाला शिकवलंय. 35 मिलीची सिरिंज आणि 19 गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) सुई घेतली की साधारण 8 येतो. सिरिंज जेवढी बारीक तेवढा जोर जास्त, हे घरी कुणाला माहीतच नसतं. 2015 साली उघड्या फ्रॅक्चरच्या, म्हणजे हाड मोडून वर जखमही झालेल्या, 2447 पेशंटचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात भारतातली हॉस्पिटलंपण होती. दाब कमी असो वा जास्त, परत ऑपरेशन लागायचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, आणि साबणाच्या पाण्यापेक्षा साधं सलाईन बरं ठरलं. त्या जखमा वेगळ्या हे मान्य, पण जोर लावून फार काही हाती लागत नाही एवढं तरी कळतं.

त्याहून वाईट म्हणजे जखम धुवायला वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड. फेस आला की लोकांना वाटतं घाण निघाली! 3 टक्केवाल्या 1 मिलीतून साधारण 10 मिली ऑक्सिजन सुटतो, खोल जखमेत त्याला बाहेर पडायला वाट नसली की तो रक्तात शिरून जीवावर बेतू शकतं. ब्रिटनच्या औषध खात्यानं 2014 मध्येच खोल आणि मोठ्या जखमांत हे वापरू नका म्हणून सांगितलंय.

आणि डिस्चार्ज कार्डावर काय, तर ‘रोज ड्रेसिंग’. बस्स. कशानं धुवायचं, कुठली सिरिंज, आत गेलेलं बाहेर आलं नाही तर कुणाला फोन करायचा, हे मराठीत, पूर्व भागातल्यांना तेलुगूत अन् अक्कलकोटकडच्यांना कन्नडमध्ये छापून द्यायला हॉस्पिटलवाल्यांना असा किती खर्च येतो?

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर