उधळलेल्या घोड्याचा फोटो नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या रानटी घोड्यांचे फोटो पर्यटन पुरवण्यांत वरचेवर दिसतात. बहुतेकांत धूळ उडवत उधळलेला कळप असतो. सुटीत तिकडे जाऊन स्वयंसेवक म्हणून घोड्यांच्या नोंदी करू पाहणाऱ्यांनी हे चित्र डोक्यातून काढावे. नोंदीसाठी तो फोटो जवळजवळ बाद असतो आणि अनेकदा कोणीतरी फार जवळ गेल्याचा पुरावाही. मोंटाना-वायोमिंग सीमेवरच्या प्रायर पर्वतात किमान १०० फूट अंतर ठेवायचे असते, पूर्व किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर ४० फूट. चरणाऱ्या घोड्याने मान वर करून कान तुमच्याकडे रोखले, तर नियमात बसत असूनही मागे सरावे.

कामाचा फोटो कंटाळवाणा असतो: घोडा उभा, डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, चारही पाय खुरांपर्यंत. ३०० ते ४०० मिमीची लेन्स पुरते. उंच गवतात पाय झाकले जातात आणि ओळख तिथेच अडते. डावे-उजवे घोड्याचे लिहायचे, बघणाऱ्याचे नव्हे. समोरून पाहताना हमखास उलटे लिहिले जाते.

रंगावर फार विसंबू नये. सब्जा (राखाडी) घोडा वर्षागणिक पांढरा होत जातो, शिंगराची पहिली लव झडली की रंग पालटतो, आणि चिखलात पांढरा पाय काळा दिसतो. भरवसा कपाळावरच्या टिळ्यावर, नाकपुड्यांमधल्या ठिपक्यावर आणि केसांच्या भोवऱ्यांवर ठेवावा (शुभ-अशुभ बाजूला ठेवून). नुसते ‘पंचकल्याणी’ (चारही पाय आणि तोंड पांढरे) लिहून भागत नाही. पुढच्या डाव्या पायाचा पांढरा पट्टा खुरावर दोन बोटे आहे की गुडघ्याला भिडतो, हे हवे.

तब्येतीला १ (हाडांचा सापळा) ते ९ (अति लठ्ठ) गुण देतात. हिवाळी केसांत बरगड्या लपतात आणि रानटी घोडा चाचपता येत नाही, म्हणून आकड्यासोबत फोटो जोडावाच.

तारीख, वेळ, जीपीएस आणि कोण कोणाबरोबर, हे जागेवरच लिहावे. शिंगरू जिच्या शेजारी उभे असेल ती आई नव्हे, जिला पिते ती आई. ‘दिसली नाही’ आणि ‘कळपात नाही’ यांत फरक आहे. वसंतात एखादी घोडी विण्यासाठी बाजूला गेलेली असू शकते. तिला शोधत फिरू नये.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? असाटीग बेटाच्या मेरीलँड राज्यातल्या भागात १९९४ मध्ये घोड्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी पीझेडपी ही गर्भरोधक लस डार्टने देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. अशी लस पहिल्यांदा दिल्यावर पुढे पुन्हा द्यावी लागते. कोणत्या घोडीला दिली, हे अशा नोंदींवरूनच ठरते. दोन सारख्या घोड्यांची गल्लत झाली तर एकीला दोनदा टोचले जाते, दुसरी तशीच राहते. आणि ही चूक बहुधा उघडी पडते ती गाभण राहून ११ महिन्यांनी शिंगरू दिसल्यावर.

आपला,
एक वाचक