माहूत आणि चाराकटर यांच्यासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

हत्ती दिसला की लोकांचा हात सैल सुटतो. कुणी केळी आणतं, कुणी गूळ. (गोडाचा असा मारा हत्तीला सोसत नाही, पोट बिघडलं तर एवढं धूड वाचवणं कठीण जातं.) त्याच्या मानेवर बसलेल्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही. समिती यंदा मदत मागते आहे ती त्या माणसासाठी आणि त्याच्या चाराकटरसाठी, म्हणजे हत्तीचा चारा तोडणाऱ्या जोडीदारासाठी.

रात्री रानात चरायला सोडलेल्या हत्तीच्या पायातली साखळी जमिनीवर ओढल्याची खूण उमटवत जाते. उजाडताच माहूत त्या खुणेवरून निघतो. हत्ती सापडला की आधी लीद बघायची. गोळा हातानंच फोडतात. आत लांब, न चावलेले धागे निघाले तर दाढांचं दुखणं समजावं. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहाच संच येतात, शेवटचा झिजला की खाणंच तुटतं. मग आंघोळ आणि पाय. एकेक पाय उचलायला लावून तळव्यातले खडे कोरून काढायचे, वाढलेली नखं कानशीनं घासायची. पाळीव हत्तीच्या पायाची हेळसांड झाली तर जखम हाडापर्यंत जाते. तोवर चाराकटर झाडावर चढून फांद्या तोडत असतो. मोठ्या हत्तीला दिवसाला 150 किलोच्या आसपास चारा लागतो, त्यामुळे सुट्टी कसली!

नर माजावर आला की सगळंच बदलतं. कानशिलातून मद पाझरतो आणि कालपर्यंत पायाच्या अंगठ्याच्या इशाऱ्यावर वळणारा हत्ती माहुतालाही जवळ येऊ देत नाही. कित्येक आठवडे, कधी काही महिने तो बांधलेला असतो. चारापाणी लांबून का होईना, द्यावंच लागतं. अशा दिवसांत माणूस दगावला आणि विमा नसला तर घर उघड्यावर येतं. हे पाहिलेली पोरं बापाच्या धंद्यात येत नाहीत. मग हत्ती सारखा नवख्या हातात जातो, आणि नवखा हात दोघांनाही धोक्याचा.

म्हणून जमलेल्या पैशांतून सर्वांत आधी अपघात विम्याचे हप्ते भरले जातील. त्यानंतर क्षयाची तपासणी, माहुताची आणि हत्तीचीही. हा रोग माणसाकडून हत्तीला होतो, तसाच हत्तीकडून माणसाला. उरलेल्या रकमेतून पायाची हत्यारं, बॅटऱ्या, रेनकोट आणि झाडावर चढणाऱ्यांसाठी दोर घेऊ.

पशुवैद्य, परिचारिका, विम्याचे कागद भरून देऊ शकणारे यांनी पैशांऐवजी वेळ दिला तरी चालेल. जुने कपडे कृपया आणू नयेत, ठेवायला जागा नाही. बूट देणाऱ्यांनी आधी मापं विचारून घ्यावीत. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. जमाखर्चाची वही कार्यालयात कुणालाही बघता येईल.

आपली,
समिती