वेलीची बातमी आणि चालू गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सह्याद्रीतल्या एका रानवेलीवर अर्धे पान मजकूर आला. तिच्या कुळातल्या अल्कलॉइडने, म्हणजे वनस्पतीत तयार होणाऱ्या एका द्रव्याने, एचआयव्हीला रोखल्याची ती बातमी. वाचायला छान होती, पण हे संशोधन केव्हाचे आणि ते कुठे अडले, नेमके तेवढेच गाळले गेले. मी कुडाळात औषधांचे दुकान चालवतो, म्हणून लिहिणे भाग पडले.

मूळ गोष्ट कॅमेरूनची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी १९८७ मध्ये तिथल्या कोरूपच्या जंगलातून एका वेलीची पाने गोळा झाली. त्यांतून निघालेल्या मिशेलामाइन-बी या अल्कलॉइडने काचपात्रातल्या पेशींमध्ये एचआयव्हीच्या दोन्ही प्रकारांची वाढ थोपवली. तेव्हा एझेडटी या एचआयव्हीवरच्या पहिल्या औषधापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते, त्यामुळे आशा लागणे साहजिकच होते. पुढे कुत्र्यांवर चाचण्या झाल्या. विषाणूला आवर घालायला रक्तात जेवढे द्रव्य हवे, तेवढे पोहोचेपर्यंत मज्जासंस्थेला विष चढण्याची वेळ येई. माणसांवरच्या चाचणीपर्यंत प्रकरण गेलेच नाही.

आपल्याकडची वेल त्याच कुळातली, हे खरे. तिच्यातले अल्कलॉइड तर १९७० च्या सुमारास गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारींच्या चमूने वेगळे काढले होते. (हे मुंबईत झाले, याचा उल्लेख आपल्या लेखात असता तर बरे वाटले असते.) पण एका कुळातल्या म्हणून गुण एक, असे होत नाही. कॅमेरूनची वेलही आधी शेजारच्याच एका जातीची समजली गेली होती. त्या जातीत हे द्रव्य सापडेना, तेव्हा कुठे ही निराळी असल्याचे लक्षात आले आणि १९९३ मध्ये तिला स्वतःचे शास्त्रीय नाव मिळाले. जाणकारांची जिथे गफलत झाली, तिथे आमच्या बाजारात पानांची जुडी घेऊन बसणाऱ्याचा काय भरवसा?

पुरवणी आली त्याच आठवड्यात एक गृहस्थ ते कात्रण चार घड्या करून खिशातून घेऊन आले. गिऱ्हाइके जाईपर्यंत फळीवरची शाम्पूची पाकिटे न्याहाळत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या वळखीतल्या एकाक इचारूचा होता. काढो चालू केल्यावर ह्यो गोळयो बंद केल्यो तर चलात मा?" असले प्रश्न नेहमी वळखीतल्याचेच असतात. गोळ्या अजिबात थांबवायच्या नाहीत, खाडा झाला की विषाणू पुन्हा उसळतो आणि पुढे तीच गोळी त्याला लागू पडेनाशी होते, हे त्यांना समजावले. त्यांना पटले की नाही, कोण जाणे. शहाण्या माणसालाही रोजची गोळी नकोशी होते, आणि आपले वर्तमानपत्र त्यांच्या घरी विश्वासाने वाचले जाते.

दुसरी धास्ती रानाची. नरक्या या रानझाडाचे काय झाले ते या जिल्ह्याने पाहिले आहे. कॅन्सरवरचे कॅम्प्टोथेसिन त्यात मिळते म्हणताच लाकडाची पोती रातोरात घाटापार होऊ लागली. ते अल्कलॉइड तरी खरे उतरले. १९६६ मध्ये एका चिनी झाडातून ते शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. त्यापासून बनलेली औषधे अमेरिकेच्या बाजारात यायला १९९६ उजाडले. इथे तर औषधाचाच पत्ता नाही आणि आपण वेलीच्या फोटोखाली देवराईचे नाव छापून मोकळे!

अशी बातमी देताना प्रयोग काचपात्रात झाला, प्राण्यांवर की माणसांवर, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. आणि सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीवरचे उपचार २००४ पासून मोफत मिळतात, बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी पुरते आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही, एवढा मजकूर येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात द्यावा, ही विनंती.

आपला,
एक औषध विक्रेता, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)