वाचनालयातल्या ताईंना, मागच्या पानासाठी

ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत भर पावसात आम्ही दोघी तुमच्या नारायण पेठेतल्या वाचनालयात शिरलो, ते खरं तर बस येईपर्यंत आडोसा म्हणून. लेक घरी येऊन दोनच महिने झाले होते. वय पाच. कागदोपत्री ती अजून आमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनात होती, दत्तक आदेश यायचा होता. 2022 पासून तो कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्याची वाट बघत होतो.

दिवसा ती हसायची, खेळायची. रात्री मात्र पिशवी उशाशी घेऊन, बूट घालूनच झोपायची. काढायला गेलं की पाय पोटाशी घ्यायची. 'जुनं काही आठवू देऊ नका, आपोआप विसरेल,' असं घरातल्या मोठ्यांनी सांगितलं होतं आणि मी ते ऐकत होते. तिनं 'मावशी' म्हटलं की मी विषय बदलायचे. संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना मुलं मावशीच म्हणतात.

तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत. मी नाव नोंदवताना दोन वाक्यं बोलले असेन, तेवढ्यावरून खालच्या कप्प्यातलं सशाच्या पिल्लाचं चित्रपुस्तक काढून तिच्या हातात दिलंत. पिल्लू गाठोडं घेऊन एका घरातून दुसऱ्या घरी जातं, एवढीच गोष्ट.

घरी मी भराभर वाचत सुटले. मला नव्या घराच्या रंगीत पानावर पोचायचं होतं. ती मात्र पान उलटून पुन्हा मागे जायची. तिथं जुन्या घराच्या दारात एक म्हातारी सशीण उभी आहे. तिच्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ही आता कुणाला भरवते?"

मला बोलताच येईना. दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलाशी येऊन मी रडले. तुम्ही आधी पाणी दिलंत, मग म्हणालात, "तिला त्या पानावर थांबू द्या. उत्तर देऊ नका, तिलाच विचारा, काय भरवायची म्हणून."

विचारलं. "मऊ वरणभात. लिंबू पिळून." आणि मग खिडकीजवळची कॉट, मावशीच्या हिरव्या बांगड्या, रात्री पाठीवर थोपटणं, सगळं बाहेर आलं. ती आमच्यावर रुसली नव्हती हो. तिला कुणाची तरी आठवण येत होती, आणि ती काढायची परवानगी आमच्या घरात नव्हती.

तिच्या स्वतःच्या गोष्टीची वही करा, हेही तुम्हीच सुचवलंत. अप्पा बळवंत चौकातून मोठी चित्रकलेची वही आणली. पहिल्या पानावर मी आमच्या घराचं दार काढायला घेतलं, तेव्हा तुम्ही थांबवलंत: "तिचा जन्म त्याआधी झालाय." म्हणून पहिल्या पानावर जन्म देणारी आई आहे. लेकीनं तिला पिवळी साडी नेसवली, चेहरा कोरा ठेवला. खाली मी लिहिलं, 'ही कशी दिसते ते आपल्याला माहीत नाही.' तिसऱ्या पानावर मावशीचा फोटो आहे, समाजसेविकेनं संस्थेतून मिळवून दिलेला. मूल घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी त्या घरी येतात. मागच्या भेटीत लेकीनं वही त्यांच्या मांडीवरच ठेवली.

बूट आता दाराशी असतात.

आभार मानायला मी फार उशीर केला, ताई. शनिवारी येतोय. सशाचं पुस्तक परत करायचंय आणि तिला तुम्हाला वही दाखवायचीय. तिसरं पान ती स्वतः वाचणार आहे. मी मध्ये बोलायचं नाही, असं मला बजावून ठेवलंय.

तुमची,
शनिवारच्या वाचक मुलीची आई